'हाईडबाउंड' शब्द आला गोठ्यातून

प्रश्न असा आहे : इंग्रजी 'हाईडबाउंड' (hidebound) म्हणजे संकुचित मनाचा, असं कोशात सापडतं. मग यातलं 'हाईड' म्हणजे लपवणं का? आणि मराठीत नेमकं काय म्हणावं?

लपवण्याचा इथे काही संबंध नाही. हे 'हाईड' म्हणजे जनावराचं कातडं, आणि 'बाउंड' म्हणजे बांधलेलं, जखडलेलं. चामडी बांधणीच्या ग्रंथांवरून हा शब्द आला असेल असं वाटू शकतं, पण तेही खरं नाही.

16व्या शतकात हा शब्द खंगलेल्या गुरांसाठी वापरात होता. धडधाकट गाईच्या बरगडीवरची कातडी चिमटीत सहज येते आणि सोडली की लगेच जागेवर बसते. चारा अपुरा पडला किंवा पोटात जंत झाले की कातडीखालची चरबी झडते. मग कातडी कोरडी पडून पाठीला नि बरगड्यांना अशी चिकटते की चिमटीत धरताच येत नाही. केस राठ होतात. असं जनावर हाईडबाउंड. पुढे घट्ट सालीमुळे वाढ अडलेल्या झाडालाही हाच शब्द लागला. अशा झाडाच्या सालीला माळी सुरीने उभा छेद देत, म्हणजे खोडाला फुगायला वाव मिळे. कातडी ताठरणाऱ्या स्क्लेरोडर्मा या रोगालाही इंग्रजीत हे विशेषण लावतात.

माणसाच्या बाबतीत 17व्या शतकात त्याचा एक अर्थ 'चिक्कू' असाही होता. 'संकुचित' हा अर्थ मात्र इंग्रज कवी मिल्टनच्या 1644च्या 'ॲरिओपॅजिटिका' या पुस्तिकेत लख्ख दिसतो. छपाईआधी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध लिहिताना तो म्हणतो, की परवाना देणारा अधिकारी स्वतःच्या हाईडबाउंड लहरीलाच विवेक समजतो आणि तिच्याशी न जुळणारं खोडून टाकतो.

म्हणून अर्थाचा गाभा आहे खुंटलेली वाढ. 'बिगट' (bigot, दुराग्रही) या इंग्रजी शब्दात दुसऱ्याबद्दलचा द्वेष असतो, तो इथे असेलच असं नाही. माणसांइतकाच हा शब्द संस्था, नियम, कार्यपद्धती यांनाही लागतो, आणि तिथे 'चाकोरीबद्ध' किंवा 'रूढिबद्ध' मला सर्वांत चपखल वाटतात. 'कूपमंडूक' नको, त्याने जग पाहिलेलंच नसतं, हाईडबाउंड माणूस जग पाहूनही हलत नाही. 'सनातनी'ला धर्माचा वास येतो. 'कर्मठ' चालेल, पण मजकूर हिंदीत जाणार असेल तर जपून : तिथे कर्मठ म्हणजे कष्टाळू, आणि टीकेचं कौतुक होऊन बसेल.