पंप बदलण्याआधी मगाने पाणी मोजा

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाने मुंबईत जुनी, २६ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली आहे. दोन तक्रारी आहेत. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, पाणी साचलं की पंप आपोआप सुरू होतो, उपसतो, थांबतो. पण मिनिटाभरात पाणी पुन्हा तेवढंच चढतं आणि पंप परत घरघरायला लागतो. रात्रभर हेच, सकाळी बॅटरी उतरलेली. दुसरं म्हणजे, वाऱ्याने बोट उजवीकडे कलली की उजव्या अंगाच्या सिंकमध्ये खालून पाणी येतं. मिस्त्री म्हणतो, मोठा पंप बसवा आणि पाइपात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका. टाकावा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, दोन्ही खर्च तूर्त थांबवा. माझी उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आता मकरपुऱ्यात पंप दुरुस्त करतो. ‘बिघडला’ म्हणून माझ्या टेबलावर येणारे कितीतरी पंप धडधाकट असतात, दोष पाइपात असतो. तुमचा पंप सुरू होतो, उपसतो, थांबतो. त्याने आणखी काय करायचं?

पाणी कुठलं, ते आधी ठरवा. जिभेला लावून बघा असं कोणी सांगेल. मुंबई बंदराच्या पाण्याला तो सल्ला लागू करू नका. चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ताटलीत चांगली पांढरी खपली धरेल. धरली नाही, तर बोटीतली पिण्याच्या पाण्याची टाकी आणि तिचे जोड तपासा.

पण ‘तेवढंच चढतं’ हे तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यावरून मला वाटतं की तेच पाणी फेऱ्या मारतंय. पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत पाइप वर चढतो. पंप थांबला की त्यात भरलेलं पाणी खाली उतरतं. साध्या सेंट्रिफ्युगल (पंखा फिरवून पाणी ढकलणाऱ्या) पंपात ते अडवणारं काहीच नसतं. आतून २८ मिमी व्यासाचा, ३ मीटर लांब पाइप धरला तर हे पाणी जवळजवळ १.८ लिटर होतं. बिल्जचा खड्डा अरुंद असला तर तेवढ्यानेही फ्लोट, म्हणजे पंप सुरू करणारा तरंगता स्विच, उचलला जातो. म्हणून बोट नांगरावर सरळ उभी असताना बिल्ज उपसा, पंपाचा स्विच बंद करा आणि परत आलेलं पाणी मगाने मोजा. पाइपात मावेल तेवढंच येऊन थांबलं, तर फ्लोट थोडा वर बसवा, पाइप आखूड करता आला तर करा. बॅटरी वाचेल.

थांबलंच नाही, चढतच राहिलं, तर पाइपाचं बाहेरचं तोंड पाण्याखाली आहे का बघा; असेल तर सायफन समजा, म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी आपोआप आत ओढलं जातंय; नसेल तर पाणी दुसरीकडून येतंय. बोट कलल्यावरही हे होऊ शकतं: बाहेरचं तोंड पाण्याखाली जातं, पाइप भरलेला असतो, आणि पंप बंद असूनही समुद्र आत येत राहतो. तोंड इतकं वर हवं की बोट पूर्ण कलली तरी बुडू नये. ते जमत नसेल तर पाइपाला डेकखाली उंच वळसा द्या आणि वळशाच्या माथ्यावर हवा आत घेणारी झडप बसवा. ती मिठाने बुजते. अधूनमधून काढून कोमट गोड्या पाण्याने धुवा.

एनआरव्हीवर माझा राग आहे, तो सकारण. केस, दोऱ्याचा तुकडा, आगकाडी, काहीही झडपेत अडकतं. शिवाय झडपेवर पाण्याचा खांब उभा आणि खाली पंपात हवा कोंडलेली, अशी गत झाली की मोटर फिरते आणि पाणी जागचं हलत नाही. ऐन गरजेला हे व्हायचं. दोन लिटर पाणी परत येणं परवडलं.

सिंकमध्ये बिघाड नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा आपल्याकडे तळमजल्याच्या मोऱ्यांतून पाणी उलटं वर आलं, तोच प्रकार. बोट कलली की सिंक बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली जातं. शिडं चढवण्याआधी सिंकखालचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळाच्या भोकावरचा दांड्याचा नळ, बंद करायचा, बास. महिन्यातून एकदा दांडा फिरवत राहा, नाहीतर तो जाम होतो. त्यावरच्या पाइपाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा हव्यात, आणि शेजारी दोरीने बांधलेली लाकडी निमुळती गुडदी, पाइप निसटला तर भोकात ठोकायला. ही चैन नव्हे. पाण्याखाली फूटभर असलेल्या ३८ मिमी भोकातून मिनिटाला साधारण १०० लिटर पाणी आत येतं. तासाला ५०० गॅलनचा पंप कागदावरसुद्धा मिनिटाला ३१ लिटरच काढतो, आणि पाणी वर चढवताना त्याहून कमी.

मोठ्या पंपाचीही घाई नको. पाइप आणि वायरी जुन्याच ठेवल्या तर फारसा फरक पडणार नाही. पंप चालू असताना त्याच्या टोकांशी व्होल्टेज मोजा. ११च्या खाली असेल तर आधी वायर आणि जोड बघा.

मगाने मोजलेला आकडा, पाइपाची लांबी आणि आतला व्यास, एवढं मुलाकडून लिहून घ्या आणि मला कळवा. मोठा पंप लागणार असेल तर मीच सांगेन.