विचारा ताईंना: पडदे पिळू नका, निथळू द्या

प्रश्न: ताई, आमच्या हॉलमध्ये पांढरे, झिरझिरीत पॉलिस्टरचे पडदे आहेत. मागच्या वेळी मशीनमध्ये गरम पाण्यात धुतले, तर अशा चुण्या पडल्या की इस्त्रीलाही दाद देत नाहीत. शिवाय आता ते पिवळट दिसतात. घरीच नीट धुता येतील का?

उत्तर: येतील की. चुण्यांना मशीन नाही, गरम पाणी कारणीभूत आहे. पॉलिस्टरचा धागा तापला की मऊ पडतो, आणि कोंबलेल्या अवस्थेत गार झाला की पडलेली घडी धरून बसतो. कारखान्यात कायमच्या प्लीट्स याच युक्तीने बसवतात, तुमच्याकडे त्या नको तिथे बसल्या. ओलसर सुती कापड वर घालून सर्वांत मंद इस्त्री, म्हणजे एका ठिपक्याची, हलक्या हाताने फिरवून बघा. पुष्कळशा चुण्या सैल होतील, सगळ्या जातीलच असं नाही.

आता पुढच्या धुण्याचं. पडदा उतरवला की आधी हुक काढा. लोखंडी हुक विसरून राहिला तर गंजाचा डाग पडतो, आणि तो काढणं हे धुण्याहून मोठं काम होऊन बसतं. मग पडदा बाहेर नेऊन झटका, किंवा व्हॅक्यूम क्लीनर मंद करून फिरवा. हे टाळू नका. पडद्यात असते ती बहुतेक सुटी धूळ, आणि ती तशीच पाण्यात गेली की तिचा चिखल होऊन धाग्यात शिरतो. त्यानंतर नुसत्या गार पाण्यात, साबण न घालता, पंधरा मिनिटं भिजवा. निघालेलं गढूळ पाणी पाहिलंत की इतके दिवस साबण कुठे वाया जात होता ते कळेल.

दुसऱ्या पाण्यात, म्हणजे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, हाताला जेमतेम कोमट लागेल अशा पाण्यात, सौम्य लिक्विड साबण आधी पूर्ण विरघळवा आणि मगच पडदा सोडा. चोळायचं नाही, ब्रश तर नाहीच. तळव्याने दाबायचं आणि सोडायचं, एवढंच. वरच्या बकरमच्या पट्टीला घडी पडू देऊ नका, ती एकदा मोडली की पडदा वर नीट उभा राहत नाही. मशीनच लावायची असेल तर जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या उशीच्या अभ्र्यात घाला, ड्रम अर्ध्याहून जास्त भरू नका, नाजूक कपड्यांची सायकल लावा आणि स्पिन बंद ठेवा.

पिवळेपणाला क्लोरीनचं ब्लीच नको. ऑक्सिजनवालं, म्हणजे सोडियम परकार्बोनेटचं ब्लीच घ्या आणि ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. ते गार पाण्यात फारसं काम करत नाही, म्हणून इथे एवढी ऊब चालते, पण पडदा टबात ऐसपैस पसरलेला हवा आणि पाणी आपोआप गार झाल्यावरच उचलायचा. तरीही पिवळा राहिला, तर तो मळ नाही, उन्हाने धागाच बदललाय. मग शेवटच्या पाण्यात किंचित नीळ घाला. ती आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून घ्या, नाहीतर निळे ठिपके उठतील आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

वाळवताना पिळू नका. टबाच्या काठावर किंवा दांडीवर टाकून निथळू द्या. थेंब गळायचे थांबले की ओलसर असतानाच पुन्हा त्याच्याच रॉडवर लावा, शिवणी हाताने सरळ करा आणि खिडकी उघडी ठेवा. पाण्याच्या वजनाने पडदा स्वतःच ताणला जातो, त्यामुळे बहुतेक वेळा इस्त्रीची गरजच पडत नाही.

प्रश्न: अस्तर लावलेले रेशमी पडदे हाताने धुतले तर चालतील?

उत्तर: माझं ऐकाल तर नको. रेशीम आणि सुती अस्तर पाण्यात सारखं आटत नाही, मग पडदा कायमचा वाकडा लोंबतो. दुसरं म्हणजे रेशमाला ऊन खातं. खिडकीकडची कड चिमटीत धरून हलकेच ताणा. कापड करकरलं किंवा धागे सरकले, तर ते विरलंय. मग ड्राय क्लीनिंगला देतानाही तसं सांगून द्या. बिनअस्तराचं असेल, कापड शाबूत असेल आणि लेबलवर टबात हात दाखवलेला असेल, तरच गार पाण्यात धुवा. साबण एन्झाइम नसलेलाच हवा. डागातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम रेशमालाही सोडत नाही, कारण रेशीम हेही प्रथिनच.

प्रश्न: मागे रबरासारखा थर असलेले, उजेड अडवणारे पडदे?

उत्तर: ओल्या फडक्याने थर पुसा, कापडाची बाजू व्हॅक्यूम करा. लेबलवर धुण्याची परवानगी असेल तर हाताने धुवा, पण स्पिन, ड्रायर आणि घट्ट घडी या तिन्हींनी तो थर तडकतो.

प्रश्न: सासूबाईंनी विणलेले क्रोशाचे सुती पडदे आहेत. धुवून दोरीवर टाकले की लांबतात आणि खालची नक्षी वेडीवाकडी होते. काय करू?

उत्तर: दोरीवर टाकू नका, तिथेच सगळं बिघडतं. ओला सुती दोरा जड होतो आणि ते सगळं वजन वरच्या मोजक्या टाक्यांवर येतं. धुण्याआधी सुटलेले टाके त्याच रंगाच्या दोऱ्याने अडकवून घ्या, नाहीतर पाण्यात ते उसवत जातात. पडदा एका जुन्या चादरीवर ठेवून चादरीसकट टबात सोडा आणि बाहेर काढतानाही चादरीचे चार कोपरे धरूनच उचला, म्हणजे भार चादरीवर जाईल. मग जाड टॉवेलात गुंडाळून वरून दाबा, पाणी टॉवेल ओढून घेईल.

वाळवायचा तो आडवा. गादीवर प्लास्टिक, त्यावर स्वच्छ पांढरी चादर पसरा. धुण्यापूर्वी लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहून ठेवलेली असू द्या, आणि त्या मापाला पडदा हाताने ओढून बसवा. आधी चार कोपरे, मग कडा, शेवटी कंगोरे एकेक. प्रत्येक टोकाला न गंजणारी टाचणी लावा. पंखा चालू ठेवा, पण ऊन थेट येऊ देऊ नका. कंगोरे मऊ पडले असतील तर शेवटच्या पाण्यात पातळ खळ घाला. आणि टाचण्या पडदा अगदी कोरडा झाल्यावरच काढा, कडा हाताला कोरड्या लागल्या तरी मधली दाट वीण बराच वेळ दमट राहते.