घरी कारचं काम करायला चांगले पाने कोणते घ्यावेत?

भलामोठा स्वस्त सेट घेऊ नका. टपारियासारख्या नावाजलेल्या कंपनीचे 8 ते 19 मिमीचे रिंग पाने आणि 1/2 इंची रॅचेट (सॉकेट बसवून नट फिरवायचा, एकाच दिशेने जोर देणारा दांडा) एवढ्यावर सुरुवात करा. सॉकेट, म्हणजे नटावर बसणाऱ्या वाट्या, मात्र सहा पॉइंटचेच (आत सहा कोपरे असलेले) घ्या. ते नटाच्या सपाट बाजूवर जोर देतात. बारा पॉइंटचे कोपऱ्याजवळ धरतात, आणि मुंबईच्या दमट हवेत गंजून बसलेल्या नटाचे कोपरे लगेच गोल होतात. माझ्या गाडीची किरकोळ कामं मीच करतो, त्यावरून सांगतोय. खरेदी मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात, हातात घेऊन: रॅचेट हळू फिरवा, टकटक एकसारखी आली पाहिजे, मध्ये कुठे दात सुटता कामा नये. फक्त चाकाचे नट नुसत्या अंदाजाने आवळू नका, त्याला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) हवाच.