आईच्या जमिनीच्या दाव्यासाठी मोफत वकील मिळेल का? (केज, जि. बीड)

हो, मिळेल. घराचं उत्पन्न साडेचार लाख आहे म्हणून तहसीलमध्ये तुम्हाला कुणीतरी ‘बसत नाही’ म्हणालं, ते इथं लागू नाही. महाराष्ट्रातली 3 लाखांची मर्यादा सर्वसाधारण अर्जदाराला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न विचारलं जात नाही. त्याच कलमात दुष्काळग्रस्तही आहेत. मराठवाड्यात हे फारसं कुणी सांगत नाही. मी अंबाजोगाईला विधी सेवेच्या वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनलवर, काम केलंय, म्हणून खात्रीनं लिहितोय.

अर्ज तालुका विधी सेवा समितीत द्या, नाहीतर बीडला जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणात. अर्ज आईच्याच नावानं हवा. सोबत आधार, सातबारा, फेरफार आणि विरुद्ध बाजूची नोटीस किंवा समन्स आलं असेल तर तेही जोडा. अडलं तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करा.

वकिलाची फी प्राधिकरण देतं. हा पैसा केंद्र-राज्य सरकारच्या अनुदानातून येतो. पॅनलवरची फी तुटपुंजी असते, खरंय, पण म्हणून वकिलानं तुमच्याकडे ‘वरखर्च’ मागायचा नसतो. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

एक मात्र आहे: दाव्यात प्रथमदर्शनी दम हवा, नाहीतर अर्ज नामंजूर होऊ शकतो. आणि मामाही वादी असतील आणि वरच्या कुठल्याही गटात बसत नसतील, तर त्यांना उत्पन्नाची अट लागेल.