पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर घेताय?

तिकडे अमेरिकेत राहून जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायचा नाद लागलाय म्हणता, छानच! पण थेट कोल्ट कंपनीच्या १८७३च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या मॉडेलवर उडी मारू नका. ती महाग आणि बनावट मालही तिच्यातच जास्त. कोल्टचीच १८५१ची ‘नेव्ही’ किंवा रेमिंग्टन कंपनीची रिव्हॉल्व्हर आधी चार प्रदर्शनांत नुसती हाताळून बघा.

घेताना बघायचं ते असं:

- कारखान्याचे नंबर जुळतात का? नेव्हीवर बॅरल (नळी), फ्रेम (सांगाडा), ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी), मुठीची पट्टी, सगळीकडे तोच आकडा हवा.
- घासलंय का? अक्षरांच्या कडा बोथट, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे दिसले, तर कुणीतरी पॉलिश मारलंय. नेव्हीच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचं कोरीव चित्र असतं. ते पुसट असलं तरी चालेल, पण अस्सल हवं.
- इटालियन नकला मुद्दाम जुन्या दिसवून विकतात, सावध!

घरी आणल्यावर ब्रासो लावून चकाचक करायचा मोह आवरा. तो काळपटपणाच किंमत धरून असतो. नवी काडतुसं तर चुकूनही घालू नका.

१८९८ मध्ये किंवा त्याआधी बनवलेलं शस्त्र अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्याने ॲन्टिक ठरतं, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचा. भारतात आणायचा विचार तर सध्या सोडाच.