बँडचा पहिला म्युझिक व्हिडिओ शूट करताय? मग हे वाच

अरे, प्लेबॅकवर, म्हणजे स्पीकरवर लावलेल्या रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर, नुसते ओठ हलवू नकोस, खरंच गा. गळ्याच्या शिरा ताणल्या नाहीत, श्वास घेतलेला दिसला नाही, की बघणाऱ्याला लगेच कळतं. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात १९६४ पासून कितीतरी मोठे बँड रेकॉर्डवर वाजवल्याचा अभिनय करायचे, त्यामुळे त्यात कमीपणा मानू नकोस. ड्रमरला मात्र सिंबलना (ड्रमसेटच्या झांजांना) टेप लावायला सांग, नाहीतर स्पीकरवरचं गाणं कुणालाच ऐकू येणार नाही.

स्लो मोशन हवं असेल तर सेकंदाला ५० फ्रेमने शूट करा आणि गाणं दुप्पट वेगाने लावून त्यावर गा. नंतर २५ फ्रेमवर आणलं की ओठ बरोबर जुळतात. याची घरी आरशासमोर भरपूर तालीम कर, त्या वेगात शब्द तोंडात बसता बसत नाहीत! आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

पुण्यातल्या झेड ब्रिजवर शूट करायचा मोह होईलच. परवानगी आधी काढ, पहाटे जा. संध्याकाळी दुचाकींपुढे काही चालत नाही. आणि इलेक्ट्रिक गिटारला वायर जोडलेली असू दे, रॉकवाले ते आधी बघतात.