फुटपाथवर कॅमेरा नेण्याआधी

प्रिय मित्रा,

रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णावरच्या तुझ्या सिनेमाची संहिता वाचली. फुटपाथवरच्या खऱ्या मनोरुग्णाला लांबून टेली लेन्सने टिपायचा बेत आधी रद्द कर. आजार भरात असताना डोलावलेल्या मानेला संमती म्हणत नाहीत. नट घे.

मग मेहनत पोशाखावर. अशी माणसं अनेकदा भर उन्हाळ्यातही तीन-चार कपडे एकावर एक घालतात. काढून ठेवलेलं चोरीला जातं, हे त्याचं एक कारण. एकाच सदऱ्याचे तीन नग घे. चहाच्या पाण्यात भिजवून वाळव, कॉलर आणि बाह्यांच्या कडा काचपेपरने घास, मग मुलतानी माती, किंचित ग्रीस. मळ सगळीकडे सारखा फासलास की नाटकातला भिकारी झालाच म्हणून समज. खरा मळ हात पुसतो तिथे, मांडीवर नि खिशाच्या तोंडाशी साचतो.

डोक्यातल्या आवाजांना एको, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, नको. स्किझोफ्रेनियात अनेकांना ते शेजारच्याने बोलावं इतके स्पष्ट ऐकू येतात, पुष्कळदा ऐकणाऱ्याबद्दलच: ‘बघ, उठला. आता पाणी पिणार.’ हे संवाद त्याच रस्त्यावर, त्याच माइकवर हातभर अंतरावरून घे. स्टुडिओतला कोरडा आवाज दृश्यात सहज मिसळत नाही. प्रत्येक जागेचा नुसता आवाजही मिनिटभर घेऊन ठेव, संकलनात सांधे झाकायला लागतो. रात्री सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते.

पोलिस त्याला लॉकअपमध्ये टाकतात, तो प्रसंग तपास. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100: कोठडी नाही, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. कायदा मोडलेला दाखवायचाय? जरूर दाखव, पण मोडलाय हे प्रेक्षकाला कळू दे. 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली भीक मागणाऱ्याला उचलणं हे वेगळं प्रकरण, दोन्हींची गल्लत नको.

खरी अडचण शेवटाची. इंजेक्शन, आंघोळ, हसरा चेहरा, तीन शॉटमध्ये माणूस बरा! औषधाचा पुरता गुण यायला आठवडे लागतात. हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाने हात थरथरू शकतात, चाल आखडते, पाय एका जागी ठरत नाहीत. नटाला हे शिकव. डॉ. भरत वाटवानींची कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. त्यानंतर गावात गोळ्या कोण आणणार, कुठून, कोणाच्या पैशाने? गोळ्या सुटल्या की आजार बहुतेक वेळा उलटतो. तुझ्या संहितेत त्याची बहीण नुसती दार उघडते. तिला महिन्याच्या गोळ्यांचा हिशोब करताना लिही आणि तेवढी दोन पानं आधी पाठव.